‘पुरू दे’ या शब्दांचा अर्थ

दादा, तुला माती देऊन अजून आठवडा झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाशी कसलं भांडण, असं लोक म्हणतील. म्हणोत. तू हयात असताना हे भांडण मिटलं नाही, याचा दोष एकट्या माझ्याकडं येत नाही. मी विषय काढला की तू चष्मा काढायचास, शर्टाच्या टोकानं काचा पुसत बसायचास आणि म्हणायचास, ‘‘नंदे, सांगतो. घाई करू नकोस.’’ इतकी वर्षं तू तेच सांगत आलास. शेवटी काल आईनं सांगितलं, तेही तुझ्या स्मरणाच्या उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर. ते तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

पण तुझ्या पद्धतीनं जायचं तर आधीचं आधी यायला हवं.

रविवारी उपासना सुटली की चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुझं शंकासमाधान भरायचं. एरवी तू पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा मुकाट माणूस, पण त्या शेडमध्ये तू हेडमास्तर व्हायचास. कुणी बायबलमधलं एखादं वचन उचलून ‘याचा अर्थ काय?’ म्हणून विचारलं, की तू आधी त्यालाच उभं करायचास. ‘‘त्याच्या आधीचं वाचा. आता नंतरचं वाचा. आता सांगा, तुमचा प्रश्न तोच आहे का बदलला?’’ निम्म्या लोकांचा प्रश्न तिथंच गळून पडायचा. उरलेले मात्र चिवट असायचे. द्राक्षमळ्याच्या मालकानं शेवटचा तासभर राबलेल्या गड्यालाही दिवसभराचीच मजुरी दिली, हा दाखला निघाला तेव्हा बिद्रीकडचा एक ऊसतोडीचा मुकादम उठून म्हणाला होता, ‘‘सायेब, आमच्यात आसं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी फडात कुत्रं यायचं न्हाय. समदी संध्याकाळीच उगवतील की!’’ तू पोट धरून हसलास आणि मग त्यालाच पुन्हा आधीचं वाचायला लावलंस. भुतं डुकरांच्या कळपात शिरली आणि कळप पाण्यात बुडाला, ती डुकरं कुणाची होती आणि त्याला भरपाई कोण देणार, यावर तर एकापेक्षा जास्त रविवार गेले.

मी त्या शेडमध्ये यायचे ती बहीण म्हणून. मी कागलच्या शाळेत मराठी शिकवते, माझा देव्हारा माझ्या घरात आहे आणि तो तू कधी हलवायला सांगितला नाहीस. तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा मी कॉलेजात होते. वहिनी तर तुझ्या आयुष्यात त्यानंतर आली, पण आपल्या शिवाजी पेठेत अजूनही सांगतात की नर्सबाईच्या नादानं पोरगा बाटला. बाबांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त तुझं नाव घ्यायचं सोडलं. माझ्याशी बोलताना ते तुला ‘तुझा भाऊ’ म्हणायला लागले, जसा काही तू माझा एकटीचाच कुणी लागत होतास. तुला त्या घराचा उंबरा बंद झाला. मग रविवारी एसटीनं येऊन तुझी खुशाली त्यांना आणि त्यांची खुशाली तुला पोचवणं हे माझं काम झालं. बाबा ऐकून घ्यायचे, पण पेपरातून मान वर करायचे नाहीत.

आपण दोघं भांडायचो ते शब्दांवरून. ‘वचन’ अनेकवचनी असताना क्रियापद एकवचनी का वापरलंस, म्हणून मी तुला भर सभेत अडवायचे. तू माझ्या विद्यार्थ्यांचे निबंध वाचताना, मी लाल पेनानं सोडलेली चूक पेन्सिलनं शोधून काढायचास. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून ऱ्हस्व-दीर्घावर एवढ्या तावातावानं भांडणारी भावंडं कोल्हापुरात दुसरी नसतील. वहिनी म्हणायची, तुम्हा दोघांच्या मध्ये बसायचं म्हणजे शिक्षा आहे.

आणि एकदा तू माझ्याशी एकच वाक्य बोललास. माझी पोर जन्मली आणि गेली, तेव्हा ज्याला त्याला माझ्यापाशी येऊन कारण सांगायचं होतं. कुणी पत्रिका काढली, कुणी मागच्या जन्माचं काही काढलं. तुझ्या चर्चमधल्या एका बाईंनीही देवाची इच्छा म्हणून माझे हात दाबले. तू आलास आणि पलंगाशेजारी स्टुलावर बसलास. मी तुला विचारलं होतं, आठवतं? ‘‘एवढ्या लोकांना उत्तरं देतोस, मला दे.’’ तू म्हणालास, ‘‘मला येत नाही.’’ आणि दिवे लागेपर्यंत बसून राहिलास. त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर तुझी ऋणी आहे. म्हणून तर पुढं तू जेव्हा तोंड मिटून घेतलंस तेव्हा मला जास्त लागलं.

बाबा गेले तेव्हा शाळेत निरोप आला आणि मी पोचेपर्यंत तिरडी बांधून झाली होती. बाबांचे धाकटे भाऊ, आपले आबाकाका, दारात उभे राहून हुकूम सोडत होते. भावकीचा शब्द तेव्हाही त्यांच्याच हातात होता. मडकं धरायचा मान थोरल्या मुलाचा, पण ते चुलतभावाच्या हातात दिलेलं होतं. तू कुठं दिसला नाहीस. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी मागं वळून बघितलं, तर सगळ्यांच्या शेवटी, मोकळं अंतर सोडून तू चालत होतास.

आपल्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. तू आत येतोस की नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. पंचगंगेवरच्या त्या फाटकाशी तू थांबलास. मी मागं आले आणि तुझी बाही धरली. ‘‘दादा, आत चल.’’ तू मान हलवलीस. ‘‘बाप आहे तो आपला,’’ मी म्हणाले. धूर निघाला तेव्हा तू पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्यास आणि तापलेल्या डांबरावर उभा राहिलास. मला ते नाटक वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तू आवडला नाहीस.

पुढच्या रविवारी चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांनी तुझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. आपल्यातला एक भाऊ जगाच्या रीतीपुढं वाकला नाही, बापाच्या चितेपुढंही नाही, असं ते म्हणाले आणि बाकांवरून माना डोलल्या. तिकडं पेठेत तीच गोष्ट दुसऱ्या चालीवर चालली होती. ‘‘बापाच्या मातीलाबी आत आला न्हाय बघा,’’ असं दूध घालायला येणारा गवळीसुद्धा आईला ऐकवून गेला. एका बाजूला तू साधू, दुसऱ्या बाजूला तू कसाई. कुणी एक वेलांटी चुकवली तर ज्याचा जीव खालीवर व्हायचा, तो तू, दोन्हीकडं मान खाली घालून गप्प बसलास.

मग आईच्या मोतीबिंदूचं निघालं. वहिनीच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि पहिल्यांदाच आई तुझ्या घरी राहायला आली. रविवारी घरी एकटी काय करू म्हणून डोळ्याला हिरवी पट्टी लावून ती शेडमध्ये मागच्या बाकावर येऊन बसली. मी तिच्या शेजारी होते. त्या दिवशी हातकणंगल्याहून एक नवा माणूस आला होता. त्याची तुझी फारशी ओळख नव्हती, पण त्याला तुझी गोष्ट मात्र ठाऊक होती.

‘‘पावणं, एक इचारतो, राग मानू नका,’’ तो म्हणाला. ‘‘एकजण प्रभूला म्हणाला, आधी मला माझा बाप पुरून येऊ दे, मग तुझ्या मागनं येतो. तवा प्रभू म्हणाला, मेलेल्यांना आपले मेलेले पुरू दे. आता मेलेला मेलेल्याला कसा पुरणार? आन् दुसरं म्हंजे, तुमी बापाच्या मातीला फाटकातनं आत गेला न्हाईसा, ते ह्याच वचनापायी का?’’

मी तुझ्याकडं बघत होते. त्याला उभं कर, मी मनात म्हणत होते, त्याला आधीचं वाचायला लाव. तू चष्मा काढलास. किती वेळ तू पुसत होतास कुणास ठाऊक. तेवढ्यात माझ्या शेजारून आई बोलली.

‘‘त्यात काय एवढं अवघड हाय? तितं गेलेल्यांस्नी तितं गेलेले पुरं झाले की. आमच्याच घरातली किती माणसं गेल्यात. सासू गेली, सासरा गेला. ह्यांस्नी ती पुरू देत. जित्यांस्नी जितं माणूस पायजे. ह्याला हितं ऱ्हाऊ दे.’’

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. मग लख्ख कळलं. पुरणं म्हणजे खड्डा काढून पुरणं, आणि पुरणं म्हणजे केलेल्या भाकरी सगळ्यांना पुरणं. जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माणसाला अग्नी देतात, तिला पहिला अर्थ सुचणार कसा? तिनं दुसरा घेतला. मेलेल्यांना त्यांचे मेलेले पुरेसे होऊ देत, म्हणजे बाबांना तिकडची माणसं पुरेत आणि तू इकडं जित्यांत हवास. मी मराठीची बाई, माझं तोंड उघडलंच. आणि तू चष्म्याशिवायच्या डोळ्यांनी माझ्याकडं असं बघितलंस की मी गप्प बसले. बाकावरून कुणीतरी हलकेच ‘आमेन’ म्हणालं. हातकणंगल्याचा माणूस ‘‘हां, आसं हाय व्हय,’’ म्हणत खाली बसला. तू पुढचा प्रश्न घेतलास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. साधा वाद नव्हता तो, दादा. मी तुला भित्रा म्हणाले. एका चुकलेल्या शब्दाआड तू लपलास, तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू म्हाताऱ्या आईला देऊ दिलंस, असं मी तोंडावर म्हणाले. ‘‘माझ्या वर्गातल्या पोरानं असा अर्थ लिहिला असता तर मी शून्य दिलं असतं.’’ तू म्हणालास, ‘‘शून्य दे.’’ मी म्हणाले, ‘‘तू देवासाठी थांबलास का बाबांनी येऊ नको म्हटलं होतं म्हणून, एवढं सांग.’’ तू म्हणालास, ‘‘नंदे, तू प्रश्न काढतेस आणि पर्यायही तूच घालतेस. तेही दोनच.’’ मला वाटलं, हा पळवाट काढतोय. एका दिवाळीला मी तुझ्याकडं आलेच नाही. तू मात्र फराळाचा डबा घेऊन कागलला आलास, आणि माझ्या नवऱ्याशी पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोलून परत गेलास.

मग वर्षं गेली. आई कायमची तुझ्याकडं आली. पेठेत दोन जिने चढून-उतरून तिचे गुडघे गेले होते, आणि आबाकाकांच्या सुनेचं बोलणं तिला सोसवेना. तुझ्या घरात तिनं एका कोनाड्यात आपली अंबाबाई मांडली आणि तू रोज सकाळी तिला हार आणून द्यायला लागलास. ते बघून मी आणखी चिडायचे. इथं चालतं, मग तिथं फाटकाशी काय झालं होतं? पण माझं विचारणं कमी होत गेलं. मोबाइलवर बोलताना तो विषय काढायला नको वाटायचं, आणि समोरासमोर भेट झाली की आई असायची.

तू जायच्या आधी, हॉस्पिटलात, वहिनी औषधं आणायला गेली असताना मी तुझ्याजवळ होते. तुझ्या नाकाला नळी होती. मी म्हणाले, ‘‘आता सांगून टाक.’’ तू हसलास. बोटानं माझ्या मनगटावर काहीतरी लिहिल्यासारखं केलंस. मला वाचता आलं नाही. मी उद्या विचारीन म्हणून घरी गेले.

तुला ठेवलं तेव्हा मी तीन मुठी माती टाकली. पहिली मूठ टाकताना ढेकूळ होतं त्यात, ते पेटीच्या फळीवर वाजलं आणि मी दचकले. आपल्याकडचं कुणी आलं नव्हतं. आईला डॉक्टरांनी घराबाहेर पडू दिलं नाही.

काल मात्र ती आली. स्मरणाची उपासना आहे म्हटल्यावर तिनं कपाटातून तिचं ठेवणीतलं इरकल काढायला लावलं. पहिल्या बाकावर एका बाजूला वहिनी, मध्ये आई आणि पलीकडं मी. हे पाळकसाहेब नवे, तरणे आहेत, तुझ्या शेडमध्ये बसून शिकलेले. त्यांनी तुझ्याबद्दल खूप चांगलं सांगितलं. मुकादमाची गोष्ट सांगितली, सगळे हसले. मग त्यांनी कागद उलटला आणि मला कळलं की आता फाटकाची गोष्ट येणार. बापाच्या चितेचा धूर दिसत होता, नातलग बोलवत होते, पण आमचे गुरुजी वचनाला धरून फाटकाबाहेर उभे राहिले. ते असं म्हणत होते आणि आमचं बाक हललं.

आई पुढच्या कठड्याला धरून उभी राहिली होती.

‘‘ओ पावणं,’’ ती पाळकांना म्हणाली. ‘‘ती गोष्ट तेवढी बंद करा. ती खोटी हाय.’’

पाळकांना वाटलं, म्हातारीला सहन होत नाही. ते खाली उतरायला लागले. तिनं हातानं त्यांना तिथंच थांबवलं.

‘‘त्यो देवासाठी बाहेर ऱ्हायला न्हवता. त्यो मडकं धराय आलता. परसातल्या दारानं आला, रांजणातलं पाणी घिऊन हातपाय धुतलं, आन् मला म्हणाला, आई, मडकं मी धरतो. मीच न्हाय म्हटलं. आबा म्हणत हुता, त्यानं हात लावला तर समदी भावकी उठून जाईल, मग उचला तुमचं तुमी. मला भ्या वाटलं. मी माझ्या पोराच्या पाया पडले. म्हटलं, मागनं ये, आत येऊ नकोस.’’

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचं सगळं आयुष्य या मंडळीत गेलंय, दादा, आणि तिचा नवरा हिंदू रीतीनं बापाला अग्नी द्यायला निघाला होता, हे ती सगळ्यांबरोबर तिथंच ऐकत होती. मागच्या बाकावरून मंडळीतले एक जुने गृहस्थ उठले.

‘‘मावशी, म्हंजे ते खरंच धरणार हुते?’’

‘‘व्हय की. वाकलाबी हुता उचलाय.’’

‘‘आन् वचनाचं काय?’’

‘‘ते मला काय ठाऊक? मी बी त्याला तेच म्हटलंतं, तुझ्या देवाला चालंल का. त्यो म्हणाला, देवाचं मी बघून घेतो, तू आबाचं बघ.’’ मग तिनं कठडा सोडला. ‘‘मला आबाचं बघता आलं न्हाय.’’

ती बसली. पाळकांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. आपण उभे राहून प्रार्थना करू, असं ते म्हणाले, पण उठायला कुणाला सुचेना. सगळ्यात आधी वहिनी उठली. मग आम्ही सगळे उठलो. बाहेर आल्यावर काहीजण नेहमीसारखे भेटले, काहीजण दुसऱ्या दारानं निघून गेले. वहिनीनं ते बघितलं. मला म्हणाली, ‘‘रिक्षा बोलवा, आई दमल्यात.’’ तिच्या मनात काय आहे ते मला अजून माहीत नाही. लपवाछपवीबद्दल तुला तिच्याकडून जे ऐकून घ्यायचं होतं, ते तू चुकवून गेलास.

आणि माझ्याकडूनही. शेडमधल्या बाकावर आईनं जे सांगितलं, तो चुकलेला अर्थ तू का खोडला नाहीस, ते आता मला कळलं. तू खोडला असतास तर खरा अर्थ सांगावा लागला असता, मग फाटकाचं खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि नवऱ्याच्या मयतीला पोटच्या पोराला बाहेर उभं करणारी बाई म्हणून आईकडं बोट गेलं असतं. तू एका बाजूचा मोठेपणा आणि दुसऱ्या बाजूची थुंकी, दोन्ही गप्प राहून घेतलीस. आधीचं वाचा, नंतरचं वाचा, असं जगाला सांगणाऱ्या माणसानं स्वतःचं आधीचं पानच फाडून टाकलं आणि मला मधलीच ओळ वाचायला ठेवली. मी काय अर्थ लावणार होते त्यातून? मला तरी सांगायचंस. मी आबाकाकांशी भांडले असते. आईशी भांडले असते. म्हणूनच सांगितलं नसशील, एवढी अक्कल मला आहे. तरी सांगायला हवं होतंस.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, ‘‘इतकी वर्षं गप्प का बसलीस?’’

‘‘त्यानंच बसीवलं. म्हणाला, तुला त्या गल्लीत ऱ्हायचं हाय.’’

‘‘इकडं आल्यावर तरी बोलायचंस.’’

‘‘मग तसंच ऱ्हायलं,’’ ती म्हणाली. एवढंच. त्यापेक्षा बरं कारण तिच्याकडं नव्हतं आणि तिनं ते रचूनही सांगितलं नाही. थोड्या वेळानं ती इरकलाच्या पदराची घडी करता करता म्हणाली, ‘‘त्याच्याकडनं मी शबूद घेतलाता. माझं मडकं तूच धरायचंस म्हटलं. भावकी उठंना का ऱ्हाईना. त्यो धरतो म्हणालता. आता कोण धरणार?’’

‘‘मी,’’ मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. बायका धरत नाहीत, असं ती म्हणेल म्हणून मी भांडायच्या तयारीत होते. ती म्हणाली, ‘‘निखारं असत्यात त्यात. हाताला फडकं घे.’’

आज सकाळी आबाकाकांना फोन करून आईचं मडकं मी धरणार, हे सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दादा, आपलं भांडण मिटलेलं नाही. पण आईला तू दिलेला शब्द आता माझ्याकडं आला आहे आणि मी तो पाळणार आहे, तिरडीजवळ माझ्याशिवाय कुणी उरलं नाही तरी.